खाडींतलें झाड आणि नाहींशी झालेली चिमणी

एका झाडाची आणि एका पक्ष्याची तुलना करावयाची, आणि तींत झाड ठाण्याच्या खाडींतलें व पक्षी अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांतला, हा विषय श्रोत्यांस थोडा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. झाड अजून जिवंत आहे. पक्षी १९८७ सालीं मेला आणि त्याच्याबरोबर त्याचा वंश संपला. पण दोघांचें बिऱ्हाड एकाच तऱ्हेच्या जागेंत होतें. सखल, खारट, चिखलाची ती जमीन धड समुद्रहि नाहीं आणि धड कोरडी धरणीहि नाहीं. अशा जमिनीला माणूस फार दिवसांपासून ‘पडीक’ म्हणत आला आहे, आणि एकदां पडीक म्हटलें कीं तिचें कांहींतरी करावें असें त्याला वाटूं लागतें. पक्ष्याला जें झालें तें या झाडाला होईल काय, हा आजचा प्रश्न आहे.

पक्ष्याची हकीकत आधीं सांगतों. फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर मेरिट नांवाचें बेट आहे, आणि त्याच्या पश्चिमेस सेंट जॉन्स नदीचा वरचा प्रवाह आहे. या बेटाच्या व नदीकांठच्या दलदलींतील उंच गवतांत एक सांवळी, जवळजवळ काळी दिसणारी चिमणी राहत असे. चिमणी म्हटली तरी ती आपल्या वळचणीच्या चिमणीची सख्खी नव्हे. आपल्याकडील भारीट पक्ष्यांना तिचें घराणें अधिक जवळचें. नर गवताच्या शेंड्यावर बसून गात असे. त्याचें गाणें कांहीं बुलबुलासारखें मंजुळ नव्हे. एखाद्या किड्यानें किरकिर करावी तसें तें ऐकूं येई. १८७२ सालीं मेनार्ड नांवाच्या संग्राहकाला हा पक्षी प्रथम मिळाला, आणि पुढच्या वर्षीं रिजवे या पक्षिशास्त्रज्ञानें त्याला शास्त्रीय नांव दिलें. एका परगण्याबाहेर हा पक्षी जगांत कोठेंच नव्हता. आपली दलदल सोडून दुसरीकडे जाऊन राहण्याची संवयच त्याला नव्हती, आणि पुढें त्याचा घात याच गोष्टीनें झाला.

या चिमणीवर कोणाचा राग नव्हता. तिची शिकार कोणी केली नाहीं, तिचीं पिसें कोणी विकलीं नाहींत. राग होता तो डांसांवर. तेथील खाऱ्या दलदलींतले डांस इतके दाट कीं, माणसाला वस्ती करणें कठीण. १९४० नंतरच्या दशकांत डी. डी. टी. ची फवारणी सुरू झाली. डांसांबरोबर चिमणीच्या खाण्याचे किडेहि मेले, आणि विष तिच्या अंगांतहि गेलें. त्या बेटावर दोन हजारांच्या आसपास जोड्या होत्या, त्यांपैकीं १९५७ च्या सुमारास सहाशें उरल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

दुसरा उपाय याहून हुशारीचा होता. त्या जातीच्या डांसाची मादी सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहीं. ओल्या, उघड्या चिखलावर घालते. तेव्हां दलदलीभोंवतीं मातीचे बांध घालावे आणि आंत पाणी कायम कोंडून ठेवावें, म्हणजे चिखल उघडाच पडणार नाहीं, अशी ही योजना. ती यशस्वी झाली. डांस कमी झाले. पण ज्या गवतांत चिमणी घरटें बांधीत असे तें गवत कधीं ओल्या, कधीं कोरड्या जमिनीचें. कायम पाण्यांत उभें राहिल्यावर तें कुजलें आणि त्याच्या जागीं गोड्या पाण्यांतलें पाणकणीस माजलें. याच बेटावर पुढें चंद्रावर यानें सोडण्याचें केंद्र उभें राहिलें. म्हणजे मनुष्य चंद्राकडे निघण्याची तयारी करीत होता तेव्हां त्याच कुंपणाच्या आंत एक पक्षी हातभर उंचीच्या बांधामुळें बेघर होत होता. सेंट जॉन्स नदीकांठच्या वसाहतीची दशाहि बरी नव्हती. तेथें पाणी कोंडण्याऐवजीं काढून टाकलें. अंतराळकेंद्राकडे जाणारा हमरस्ता त्या प्रदेशांतून गेला, जमीन सुकली, आणि सुकलेल्या गवताला वणवे लागूं लागले. एकीकडे पाणी अति झालें, दुसरीकडे उणें झालें, परिणाम एकच.

१९६७ सालीं अमेरिकन सरकारनें धोक्यांत असलेल्या प्राण्यांची यादी केली, तींत या चिमणीचें नांव होतें. मेरिट बेट तर १९६३ पासूनच अभयारण्य होतें. म्हणजे कायदा होता, यादी होती, राखीव जागाहि होती. कागदोपत्रीं कांहीं कमी नव्हतें. पण १९७५ नंतर मादी कोणाला दिसली नाहीं. १९८० पर्यंत सहा पक्षी उरले, आणि सहाहि नर! त्यांतले पांच पकडून पिंजऱ्यांत ठेवण्यांत आले. दुसऱ्या किनाऱ्यावरच्या, याच कुळांतील परंतु निराळ्या उपजातीच्या माद्यांशीं त्यांचा संकर करून, पिढ्यान् पिढ्या मूळ नराशीं मेळ घालीत जवळजवळ शुद्ध पक्षी तयार करावा, असा बेत होता. सरकारी खात्यानें मध्येंच हात काढून घेतला. संकरज पिलें कायद्याच्या दृष्टीनें ‘ती’ जात नव्हेत, असें त्याचें म्हणणें. शेवटीं १९८३ मध्यें उरलेले चार नर वॉल्ट डिस्ने यांच्या नांवानें चालणाऱ्या करमणुकीच्या नगरींतील एका प्राणिसंग्रहांत नेण्यांत आले. त्यांपैकीं अखेरचा, पायांत नारिंगी कडें असल्यामुळें त्याच नांवानें ओळखला जाणारा, एका डोळ्यानें आंधळा असा म्हातारा नर १७ जून १९८७ रोजीं मेला. त्याचें शरीर फ्लॉरिडाच्या एका संग्रहालयांत बाटलींत ठेवलेलें आहे. सरकारी यादींतून नांव कमी झालें तें १९९० च्या डिसेंबरांत.

या गोष्टींत एक उपकथा आहे, आणि माझ्या दृष्टीनें ती मूळ कथेहून महत्त्वाची आहे. १९७३ सालीं पक्षिशास्त्रज्ञांनीं ठरविलें कीं, ही चिमणी स्वतंत्र जात नसून सर्व पूर्व किनाऱ्यावर व आखाताच्या कांठीं आढळणाऱ्या सागरी चिमणीची केवळ एक उपजात आहे. या निर्णयांत शास्त्राची चूक नव्हती. पण त्याचा लोकांच्या मनावर परिणाम काय झाला असेल याची कल्पना करा. ‘जात तर शिल्लक आहे ना? मग एक रंग गेला इतकेंच!’ पुढें १९८९ मध्यें वंशद्रव्याची तपासणी झाली, तिनें आणखी एक गंमत उघड केली. ही सांवळी चिमणी अटलांटिक किनाऱ्यावरच्या भावंडांच्या अगदीं जवळची निघाली, आणि संकरासाठीं माद्या आणल्या होत्या त्या आखाताकडच्या, म्हणजे दूरच्या शाखेच्या! जवळचें नातें सोडून लांबची सोयरीक केली होती.

आतां आपल्या खाडीकडे येऊं.

ठाण्याची खाडी सुमारें २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेस ती मुंबई बंदराला मिळते आणि उत्तरेस एका अरुंद फांट्यानें उल्हास नदीच्या खाडीशीं जोडलेली आहे. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, कल्याण असा गाडीनें प्रवास करणाऱ्या हजारों लोकांना खिडकींतून रुळांच्या कडेला जी हिरवी, बुटकी, दाट झाडी दिसते तिला सरकारी भाषेंत कांदळवन म्हणतात. नांवाप्रमाणें पाहिलें तर तें कांदळ नांवाच्या झाडाचें वन असावयास हवें. पण गाडींतून दिसणारीं बहुतेक सर्व झाडें तिवराचीं आहेत. ज्या कांदळावरून वनाला नांव पडलें तो या खाडींत तुरळकच सांपडतो. आंब्याच्या राईंत सारीं बाभळीचीं झाडें असावीं तसा हा प्रकार!

तिवर आणि कांदळ यांच्यांतला भेद समजण्यासाठीं हीं झाडें जगतात कशीं हें थोडें पाहिलें पाहिजे. खाडीच्या चिखलांत हवा नसते. मुळांना तर श्वासोच्छ्वास हवाच. तिवरानें यावर युक्ति काढली ती अशी कीं, त्याचीं आडवीं मुळें चिखलांतून शेंकडों उभे कोंभ वर काढतात; ओहोटींत झाडाभोंवतीं कोणीं पेन्सिली रोवून ठेवल्या आहेत असें वाटतें. त्या पेन्सिलींच्या सालीवरील छिद्रांतून हवा आंत जाते. मीठ मात्र तिवर शोषून घेतो आणि पानांवाटे बाहेर टाकतो. पान जिभेला लावलें तर खारट लागतें. कांदळाची रीत वेगळी. तो बहुतेक मीठ मुळाशींच अडवितो, आणि खोडापासून कमानीसारखे टेकू चिखलांत सोडून त्यांवर उभा राहतो. त्याचें बीं झाडावर असतांनाच रुजतें. हातभर लांबीचा हिरवा कोंब फांदीला लोंबत राहतो आणि वेळ आली कीं खालीं पडून चिखलांत रुतून बसतो, अगर पाण्याबरोबर तरंगत जातो. तिवर घाण, सांडपाणी आणि तोड पुष्कळ सोसतो. तोडला तर बुंध्यापासून पुन्हां फुटतो. कांदळाला ती सोय फारशी नाहीं. जुनी फांदी तोडली कीं बहुधा ती गेलीच. पिढ्यान् पिढ्या जळणासाठीं कोयता चालला आणि त्यावर शहरांचें पाणी आलें, तेव्हां कोण उरणार हें ठरल्यासारखेंच होतें.

चिमणीच्या बांधाची आठवण येथें ठेवावी. तिवराच्या पेन्सिली ओहोटींत उघड्या पडतात म्हणून झाड जगतें. पाण्याचा निचरा अडून त्या कायम बुडाल्या, तर सबंध झाड गुदमरतें. कुऱ्हाड लावावी लागत नाहीं. उलट राडारोडा टाकून जमीन भरतीच्या वर उचलली, तर मुळें सुकतात. म्हणजे फ्लॉरिडांत जे दोन अपघात झाले, पाणी कोंडण्याचा आणि पाणी तोडण्याचा, तेच दोन येथेंहि होऊं शकतात, आणि कांहीं ठिकाणीं झालेहि आहेत. रस्त्याखालची मोरी तुंबणें ही गोष्ट नगरपालिकेच्या दप्तरांत क्षुल्लक. तिच्या पलीकडच्या तिवरांना ती जन्ममरणाची.

बांध ही कांहीं आजची गोष्ट नव्हे, हें मात्र सांगितलें पाहिजे. या किनाऱ्यावरच्या आगरी शेतकऱ्यांनीं शेंकडों वर्षें खाडीच्या कडेला बांध घालून खारजमीन भातासाठीं मिळविली. बांधाला उघाडी ठेवायची, पावसाचें पाणी ओहोटीबरोबर बाहेर सोडायचें, उधाणाच्या भरतीला आंत येऊं द्यायचें नाहीं, हें शास्त्र त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं कायदाहि केला. मिठागरेंहि याच जातीचीं. त्यांनीं तिवर मागें रेटले खरे, पण खाडी मारली नाहीं. बांध दुर्लक्षिला कीं भरती आंत येई आणि पांचदहा वर्षांत तिवर पुन्हां उभे राहत. रेल्वे १८५३ च्या एप्रिलांत ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्या वर्षीं पुलावरून खाडी ओलांडून कल्याणला पोंचली. तिचा भराव खाडीच्या बांधापेक्षां पुष्कळ पक्का होता. त्यानंतर १९६० पुढील काळांत ठाणें-बेलापूर पट्ट्यांत व डोंबिवलीस कारखाने आले, अंबरनाथ-उल्हासनगरचें पाणी घेऊन वालधुनी नदी कल्याणपाशीं उल्हासला मिळूं लागली, आधारवाडीस कचऱ्याचा डोंगर अनेक वर्षें खाडीलगत वाढत राहिला, आणि रेतीबंदरांच्या बाजूस पंपानें रेती उपसून कांठच खचूं लागले. मातीचा बांध फुटतो. इमारतींच्या राडारोड्याचा भराव फुटत नाहीं. जुन्या आणि नव्या अतिक्रमणांत मला हाच मोठा फरक दिसतो.

चेंदणीसारख्या कोळीवाड्यांतील जुन्या माणसांना या सर्वाची मोजदाद आंकड्यांनीं करावी लागत नाहीं. निवट्या कोठें मिळतात, चिंबोऱ्या किती आंत गेल्या, कोळंबी जाळ्यांत येते कीं नाहीं, यावरून त्यांना खाडीची नाडी कळते. तिवराच्या मुळांत माशांचीं पिलें वाढतात, आणि पानें कुजून जें अन्न होतें त्यावर चिखलांतले जीव जगतात. उधाणाचा मार आणि पुराचा लोंढा यांचा जोर हीच झाडी मोडते. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या ठाणें-कल्याणकरांस पाणी कोठें मुरावें आणि कोठें पसरावें हा प्रश्न निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां कायद्याकडे पाहूं. २००५ च्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनांची तोड व त्यांवरील भराव थांबविण्याचे हुकूम दिले, आणि २०१८ सालच्या निकालांत सभोंवतालची पन्नास मीटरांची पट्टीहि मोकळी ठेवण्यास सांगितलें. २०१२ सालीं राज्याच्या वनखात्यांत कांदळवनांसाठीं स्वतंत्र कक्ष निघाला. २०१५ मध्यें खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२० सालीं पांढरी चिपी या झाडास राज्य-कांदळवृक्षाचा मान मिळाला, आणि २०२२ सालीं ६,५२१ हेक्टरांची ठाणें खाडी रामसर येथील करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरली. नांदूरमध्यमेश्वर व लोणार यांच्यामागून महाराष्ट्रांतील ही तिसरी. हें सर्व चांगलें झालें, आणि त्यामुळें खाडीच्या अनेक भागांत झाडी वाढली हेंहि खरें. पण त्याच २०२२ सालच्या डिसेंबरांत मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठीं मुंबई, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील सुमारें बावीस हजार कांदळवृक्ष तोडण्यास त्याच न्यायालयानें परवानगी दिली. परवानगी बेकायदेशीर नव्हती, बदली झाडें लावण्याची अटहि होती. मेरिट बेटावरहि बेकायदेशीर असें कांहीं घडलें नव्हतें, एवढेंच मी येथें नमूद करतों.

‘तिवर तर वाढतोच आहे, मग धोका कसला?’ असें कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. अ‍ॅव्हिसेनिया मरीना हें शास्त्रीय नांव धारण करणारा हा तिवर आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. जगांतून तो नाहींसा होण्याची आज भीति नाहीं. कांदळहि जगाच्या यादींत सुरक्षित आहे. पण सागरी चिमणीहि जगाच्या यादींत होतीच कीं! नाहींशी झाली ती मेरिट बेटाची. शास्त्रज्ञांच्या यादींत जात हा घटक असतो; खाडीला मात्र तिच्या स्वतःच्या चिखलांत कोण उभें आहे याच्याशींच कर्तव्य असतें. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत कांदळ आहे म्हणून कळव्याच्या खाडींतला कांदळ जगत नाहीं. आणि येथें हिरवा रंग फसवितो. दहा प्रकारचीं झाडें जाऊन एकाच प्रकारचीं राहिलीं तरी आगगाडीच्या खिडकींतून, किंबहुना आकाशांतून घेतलेल्या चित्रांतहि, वन तितकेंच हिरवें दिसतें. क्षेत्रफळाचा आंकडा वाढलेलाहि असूं शकतो. चिमणीचें गाणें थांबलें तें मोजणाऱ्या माणसांच्या कानांना कळलें. झाड गप्पच उभें असतें आणि गप्पच जातें.

रोहित पक्ष्यांविषयींहि असेंच. गेल्या तीसएक वर्षांत ते हजारोंनीं खाडींत उतरूं लागले आणि सर्वांस आनंद झाला. पण सांडपाण्याच्या खतानें वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळावर त्यांचें पोट भरतें. त्यांची गर्दी म्हणजे खाडीच्या आरोग्याचा दाखला, असें समजण्याची घाई करूं नये.

कोणी आणखी म्हणेल कीं, नष्ट झालेलीं म्हटलेलीं कधीं परतहि सांपडतात. रानपिंगळ्याचें उदाहरण आपल्या घरचें आहे. १८८४ नंतर ज्याचा पत्ता नव्हता तें हें घुबड १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हां दिसलें, आणि २०१४ मध्यें तर आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, तानसाच्या जंगलांत आढळलें. परंतु रानपिंगळ्याचें जंगल विस्तीर्ण, आणि शोधणारे थोडे. सांवळ्या चिमणीचा एकेक नर मोजलेला होता. तेथें लपायला जागाच उरली नव्हती.

मग झाड आणि चिमणी यांत फरक कांहींच नाहीं काय? एक आहे, आणि तो झाडाच्या बाजूचा आहे. अखेरच्या सहा नरांना मादी मिळाली नाहीं, आणि आखाताकडची आणून चालली नाहीं. झाडाचें बीं पाण्यावर प्रवास करतें. पावसाळ्यांत तिवराचीं बदामासारखीं फळें गळूं लागतात. साल सुटते आणि आंतला जाड, दुमडलेला कोंब भरतीबरोबर वाहत जिथें जागा मिळेल तिथें रुजतो. म्हणून एखादा बांध मोडून पाणी मोकळें केलें तर रोपें विकत आणून लावण्याचीहि पुष्कळदां जरूर पडत नाहीं. याउलट, पाण्याची पातळी न पाहतां हजारों रोपें रांगेनें लावण्याचे जे समारंभ होतात त्यांविषयीं मला फार आशा वाटत नाहीं. कांदळाचें रोप उंच जागीं लावलें तर वाळतें, फार खोल लावलें तर बुडतें. आणि पाणपक्ष्यांचें कुरण असलेल्या उघड्या चिखलावर लावलें तर जगूनहि नुकसान करतें. बदली झाडांच्या हिशेबांत या गोष्टी सहसा येत नाहींत.

बीं यावयाचें तर बियाचें झाड कोठेंतरी उभें पाहिजे, ही अट मात्र राहतेच. विक्रोळीस याच खाडीच्या पश्चिम कांठावर गोदरेज यांच्या जमिनींत दीर्घकाळ राखलेलें कांदळवन आहे, आणि तेथें तिवराखेरीज इतर प्रकारहि टिकून आहेत. म्हणजे खाडीचें पाणी त्यांना अगदींच वर्ज्य झालेलें नाहीं. ऐरोलीस वनखात्याचें किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ज्यांना तिवर, चिपी, काजळा, मारांडी हीं झाडें ओळखावयाचीं असतील त्यांनीं ओहोटीची वेळ पाहून तेथें जावें. आणि नेहमींच्या प्रवासांत कळवा ते कल्याण या मार्गावर खिडकीजवळ जागा मिळालीच, तर पानांकडे न पाहतां मुळांकडे पाहावें. पेन्सिली दिसल्या तर तो तिवर. कमानी दिसल्या तर तो कांदळ; स्टेशन आणि खांबाचा क्रमांक टिपून ठेवण्याजोगा.